एकास साठ की एकास अठ्ठेचाळीस? रोबो होणाऱ्या विमानांच्या मापाचं भांडण

चौदा मीटर तेवीस सेंटिमीटर. व्हीएफ-१ या लढाऊ विमानाची ही लांबी. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या हवाई दलातून निवृत्त झालेलं मिग-२१ नाकावरचा दांडा सोडला तर साधारण एवढंच लांब होतं. पण मिग खरोखर उडत होतं, आणि व्हीएफ-१ आजवर कुठल्याच धावपट्टीवर उतरलेलं नाही. ते ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानी टीव्हीवर सुरू झालेल्या 'मॅक्रॉस' या कार्टून मालिकेतलं विमान. शोजी कावामोरी यांनी ते अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ टॉमकॅटवरून बेतलं. तसेच मागेपुढे सरकणारे पंख, तशीच दोन उभी शेपटं. मात्र टॉमकॅटला जे जमत नाही ते हे करतं. पोटाखालून हात काढतं, इंजिनांचे पाय करतं आणि १२.६८ मीटर उंचीचा रोबो होऊन उभं राहतं. मालिकेतले शत्रू दहाएक मीटर उंचीचे राक्षस, त्यांच्याशी हातघाईची लढाई करायची तर एवढी उंची हवीच.

अस्तित्वात नसलेल्या विमानाची लांबी सेंटिमीटरपर्यंत ठरलेली आहे, आणि भांडणाची सुरुवात तिथूनच होते. लांबी ठरली की खेळणं बनवणाऱ्याला ती एका आकड्याने भागावी लागते. तो आकडा म्हणजे स्केल. तो कोणता असावा यावर चाळिशी उलटलेली, गृहकर्जाचे हप्ते फेडणारी माणसं जगभर तासन्‌तास हुज्जत घालतात. आमच्या साताऱ्यातही घालतात, फक्त संख्येनं फार नाहीत. गोडोलीतले गणिताचे एक सर, सदर बझारमधले एक दंतवैद्य, कऱ्हाडहून अधूनमधून येणारा साचे डिझाइन करणारा एक पोरगा आणि मी. राजवाड्याच्या चौपाटीवर पावभाजी संपली की कुणीतरी मोबाईलवर फोटो पुढे करतं आणि तिथून पुढे अर्धा-पाऊण तास कुणी कुणाचं ऐकत नाही. या वादात एवढं आहे काय, असं घरच्यांनी सगळ्यांनाच विचारून झालंय. त्या घरच्यांसाठी हा लेख.

आधी भागाकार

१/६० म्हणजे खऱ्या वस्तूचे साठ सेंटिमीटर तिथे खेळण्यात एक. या हिशेबाने व्हीएफ-१ विमानाच्या रूपात २३.७ सेंटिमीटर भरतं. १/४८ घेतलं तर २९.६, १/७२ घेतलं तर १९.८ आणि १/१०० घेतलं तर १४.२. खालचा आकडा वाढला की खेळणं लहान होतं, हे नव्या माणसाच्या पटकन ध्यानात येत नाही. 'शंभर' वाचून तो हौसेने मागवतो आणि कुरिअरवाला तळहाताएवढं काहीतरी हातात ठेवतो.

हे आकडे मुळात विमानांच्या मॉडेलांचे, आणि त्यातले बरेचसे फूट-इंचाच्या जमान्यातले. एका फुटाला पाव इंच धरलं की १/४८ येतं. सहा फुटांना एक इंच धरलं की १/७२. म्हणजे उंचापुरा वैमानिक बरोबर एक इंचाचा. या १/७२ ला मोठा हातभार दुसऱ्या महायुद्धाने लावला. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून या मापाची लाकडी विमानं करवून घेतली, कारण सैनिकांना नुसत्या आकारावरून आपलं विमान आणि शत्रूचं विमान ओळखता यायला हवं होतं. दहा मीटरवर धरलेलं असं मॉडेल ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं, त्यामुळे सराव सोपा. पुढे १/७२ चं निम्मं करून १/१४४ आलं. जपानमध्ये जुलै १९८० मध्ये गंडम या अठरा मीटर उंच रोबोचं पहिलं प्लास्टिक किट याच मापात ३०० येनला निघालं आणि साडेबारा सेंटिमीटरचे रोबो घरोघर पोचले.

१/६० चा जन्म मात्र वेगळा. टकारा कंपनीच्या 'डायक्लोन' या १९८० च्या खेळण्यांमध्ये जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीची चुंबकाच्या पावलांची माणसं असायची. गाडीत, विमानात, रोबोत हाच माणूस बसवायचा. खरा माणूस पावणेदोन मीटरचा धरला तर तीन सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ १/६०. इथे आधी माणसाचं माप ठरलं आणि यंत्र त्याच्याभोवती बेतलं गेलं. खेळणं म्हणून विचार करायचा तर मला ही पद्धत फूट-इंचापेक्षा जास्त शहाणी वाटते.

मग १९८२ मध्ये टकाटोकू या कंपनीने व्हीएफ-१ चं पहिलं नावाजलेलं खेळणं काढलं. माप १/५५. हा आकडा ना फूट-इंचात बसतो ना दशमानात. पण खेळणं इतकं दणकट आणि इतकं गाजलं की कंपनी १९८४ मध्ये बुडाल्यावरही त्याचे साचे बंदाई या दुसऱ्या जपानी कंपनीकडे गेले आणि चालत राहिले. १९८५ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने तेच विमान आपल्या ट्रान्स्फॉर्मर्स या रोबो होणाऱ्या गाड्या-विमानांच्या मालिकेत 'जेटफायर' म्हणून विकलं. त्यामुळे जुन्या पिढीचे संग्राहक आजही नकळत १/५५ लाच मूळ माप धरतात. २५.९ सेंटिमीटरचं विमान आणि २३ सेंटिमीटरचा रोबो, हीच त्यांच्या हाताला बसलेली लांबी.

एका वस्तूने दोन रूपं सांभाळायची म्हणजे

नुसतं शोभेचं मॉडेल असतं तर वाद इथेच मिटला असता. जागा किती, पैसे किती, डोळे कितपत शाबूत, एवढं बघून माप निवडायचं. रूप बदलणाऱ्या खेळण्यात एकाच भागाला दोन कामं असतात. व्हीएफ-१ ची इंजिनं पाय होतात, त्यांच्यामध्ये दडलेले हात बाहेर येतात, नाक खाली दुमडून छाती-कंबर होते, पोटाखाली लपलेलं डोकं वर येतं आणि पंख पाठीवर मिटतात. प्रत्येक दुमडणीला एक बिजागरी लागते. बिजागरीला जागा लागते. विमान तर सडपातळ दिसलं पाहिजे, मग ती जागा आणायची कुठून? माप मोठं घ्या, जागा मिळते, असं सरळ उत्तर आहे. १/४८ वाले तेच म्हणतात. पण मोठेपणाचा एक खर्च आहे आणि तो फोटोत दिसत नाही.

गॅलिलिओने १६३८ मध्ये हाडांची आकृती काढून दाखवलेली गोष्ट इथे लागू होते. वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली तर वजन आठपट होतं, पण हाडाचा छेद चौपटच. आमच्या सरांनी हा हिशेब पावभाजीच्या बिलाच्या मागे करून दाखवला होता. १/६० वरून १/४८ वर गेलं की लांबी सव्वापट होते. सव्वाचा घन केला की १.९५, म्हणजे वजन जवळपास दुप्पट. आता रोबोने हात समोर सरळ धरला आहे असं समजा. खांद्याच्या सांध्यावर पडणारा पीळ म्हणजे वजन गुणिले हाताची लांबी. त्यात लांबी पुन्हा एकदा आली, म्हणजे सव्वाचा चौथा घात, २.४४. सांध्याची पकड किती वाढली? साध्या सांध्यात प्लास्टिकचा खुंट भोकात घट्ट बसलेला असतो आणि घर्षणावर सगळा भार तरतो. घासणारं क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, खुंटाची त्रिज्या एकदा वाढते, मिळून घन, १.९५. भार २.४४ पट आणि पकड १.९५ पट. नुसतं माप मोठं केलं आणि बाकी काही बदललं नाही, तर सांधा भाराच्या मानाने एक पंचमांशाने कमजोर पडला. हात खाली येणारच.

म्हणून मोठ्या मापात नुसत्या घर्षणावर भागत नाही, दातेरी सांधे घालावे लागतात. हलवताना कटकट आवाज येतो तेच. रॅचेट म्हणतात त्यांना. ते भार पेलतात, पण ठरावीक टप्प्यांवरच थांबतात. गुडघा दोन दात्यांच्या मध्ये हवा असेल तर हवा तो मिळत नाही. दुसरा उपाय धातूचा. ही खेळणी जस्ताच्या मिश्रधातूची आणि एबीएस प्लास्टिकची असतात. जस्त प्लास्टिकच्या सहापटीहून जड. सांध्यात घातलं तर वरदान, हातात घातलं तर ज्या भारासाठी घातलं तोच भार वाढवतं. पावलात घातलं तर रोबो ठाम उभा राहतो. पण तीच पावलं विमानाच्या रूपात शेपटीला जातात आणि विमान मागे जड होतं. मोठ्या मापात हा तोल सांभाळणं हे खरं कसब आहे, आणि ज्यांनी सांभाळलाय त्यांना मी मनापासून दाद देतो.

जुन्या, ढिल्या सांध्यांवर घरगुती इलाज पारदर्शक नेलपॉलिशचा. खुंटावर एक पातळ हात द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचं. उलट, कडक सांधा सैल करायला शिवणयंत्राचं तेल घालू नका. काही तेलांनी एबीएसला बारीक तडे जातात, आणि ते आज नाही, महिन्यांनी दिसतात.

लहानाची वेगळी रड

सांध्यांचा हिशेब लहान मापाच्या बाजूने आहे. १/१०० चं वजन १/६० च्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं. हात दिवसेंदिवस वर राहतो. मग सगळ्यांनी १/१०० च का घेऊ नये?

कारण वस्तू लहान झाली तरी प्लास्टिक लहान होत नाही. साच्यात ओतलेली भिंत मजबुतीसाठी मिलिमीटरभर तरी जाड हवी. १/४८ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ४.८ सेंटिमीटर, १/१०० मध्ये दहा सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर जाड पत्र्याचं विमान कसं दिसेल? तसंच ते दिसतं. पंखाची कड बोथट, शेपटं जाडजूड. अंगावर कोरलेल्या पॅनेलच्या रेघांचंही तसंच. ०.३ मिलिमीटरची रेघ १/१०० वर तीन सेंटिमीटरची फट होते, त्यातून वैमानिकाचं बोट जाईल. वैमानिकाचा विषय निघालाच आहे तर, तो १/४८ मध्ये ३६ मिलिमीटरचा, १/६० मध्ये २९ चा आणि १/१०० मध्ये साडेसतरा. साडेसतरा मिलिमीटरच्या माणसाच्या चेहऱ्यावर डोळे रंगवणाऱ्याला मी नमस्कार करतो.

पण दिसण्यापेक्षा मोठी अडचण घडीची आहे. मिलिमीटरच्या खुंटावर मिलिमीटरची भिंत फिरवायची म्हटलं की काही बिजागऱ्या गाळाव्याच लागतात. मग चाकं वेगळी काढून लावा, हे झाकण काढून ते बसवा. संग्राहकांच्या बोलीत याला पार्ट्स-फॉर्मिंग म्हणतात आणि ही शिवी आहे. आमच्या डॉक्टरांचं यावर एकच वाक्य असतं, "काढून लावायचं असेल तर कवळी काय वाईट?"

व्हीएफ-१ मध्ये ही शिवी सगळ्यात जास्त एका जागेवरून खाल्ली गेली. पायांवरून. विमानात पाय मागच्या बाजूला, पंखांखाली इंजिन बनून लटकलेले असतात. रोबो झाल्यावर तेच पाय पुढे, नाकाच्या बाजूला कमरेशी येऊन जोडले जायला हवेत. कागदावर हे सोपं. चित्रकार एका फ्रेममध्ये पाय इथे काढतो, पुढच्या फ्रेममध्ये तिथे. त्या हातचलाखीला संग्राहक 'ॲनिमे मॅजिक' म्हणतात. खेळण्यात मात्र पाय हवेतून जाणार नाही, त्याला एखाद्या दांड्यावरून न्यावं लागतं, आणि तो दांडा विमानाच्या पोटात कुठेतरी दडवावा लागतो.

टकाटोकूच्या १/५५ ने धातूचा झुलता दांडा देऊन हे सोडवलं. दणकट काम, पण विमान त्यापायी जरा पोटाळं झालं. पुढे २००० नंतरच्या दशकात यामातो या जपानी कंपनीने १/६० चं सडपातळ व्हीएफ-१ काढलं, त्यात पाय उपटून दुसरीकडे खोचायचे होते. मग त्यांनीच १/४८ काढलं, त्यात जागा मिळाली आणि पाय न काढता पूर्ण रूपांतर जमलं. त्या काळी १/४८ वाल्यांचा पक्ष सगळ्यात भारी होता, कारण 'काही न काढता, अंगकाठी न बिघडवता' हे दोन्ही तिथेच मिळत होतं. काही वर्षांनी यामातोने १/६० पुन्हा मुळापासून नवं केलं. त्यात मोठ्या मापावर शिकलेली घडी लहान मापात उतरली. पाय काढायची गरज संपली. यामातो मिटल्यावर त्यांचं काम आर्केडिया या कंपनीने पुढे नेलं. बंदाईने २०१८-१९ च्या सुमारास आपलं १/४८ काढलं आणि तराजू पुन्हा हलला.

या सगळ्या इतिहासाकडे कऱ्हाडचा पोरगा ज्या नजरेने बघतो ती मला पटते. त्याचं म्हणणं असं, "सर, आदर्श स्केल असा आकडा नसतोच. काहीही न काढता सगळी घडी जमते, त्यातलं सगळ्यात लहान माप कोणतं, ते बघायचं. साचेवाले सुधारले की ते माप खाली सरकतं." सरांनी त्यावर "मग वाद कशाला घालतोस?" विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही, पाव मागवला.

मला त्याचं म्हणणं पटतं याचं कारण, माणसं भांडताना आकड्याचं नाव घेतात, पण मनात एखादा विशिष्ट साचा असतो. '१/६० वाईट' म्हणणाऱ्याने पाय खोचायचं जुनं १/६० हाताळलेलं असतं. '१/६० उत्तम' म्हणणाऱ्याने नंतरचं. दोघंही खरं बोलतात.

ट्रान्स्फॉर्मर्सवाल्यांचं दुखणं निराळं

मॅक्रॉसवाल्यांकडे निदान भागायला एक लांबी आहे. ट्रान्स्फॉर्मर्सवाल्यांच्या घरी तीही नाही, कारण १९८४ मध्ये अमेरिकेत आलेली ही खेळणी टकाराच्या दोन वेगळ्या मालिकांतून उचललेली होती. एक वर सांगितलेली डायक्लोन, ज्यात गाड्या साधारण १/६० च्या. दुसरी 'मायक्रो चेंज', ज्यात वस्तू खऱ्या मापाच्या असायच्या. पिस्तूल पिस्तुलाएवढं, कॅसेट कॅसेटएवढी. हे सगळं एकाच नावाखाली एकत्र आलं आणि कार्टूनमध्ये पिस्तुलाचा रोबो ट्रकच्या रोबोशी कुस्ती खेळू लागला.

त्यातलं विमान म्हणजे स्टारस्क्रीम, जे एफ-१५ ईगल होतं. खरं एफ-१५ सव्वाएकोणीस मीटरहून थोडं जास्त लांब. १/६० ने भागलं तर ३२ सेंटिमीटर. त्याच मापात सव्वाचार मीटरची गाडी सात सेंटिमीटर. आता दोघांचे रोबो करा आणि शेजारी उभे करा. सात सेंटिमीटरच्या गाडीतून निघणारा रोबो विमानाच्या रोबोच्या मांडीपर्यंत तरी पोचेल का? रिकामं एफ-१५ बारा टनांच्या वर, आणि गाडी सव्वा-दीड टनाची. माल एवढाच असेल तर रोबोही तेवढाच व्हायला हवा. कार्टूनमध्ये मात्र दोघं जवळपास खांद्याला खांदा लावून भांडतात.

म्हणून इथे संग्राहकांचे दोन तट पडतात. पहिल्या तटाला गाडी-विमानाची मापं खरी हवीत, मग रोबो लहानमोठे झाले तरी चालतात. दुसऱ्याला रोबोंच्या उंचीचं नातं कार्टूनप्रमाणे हवं, मग विमान गाडीच्या मानाने छोटं झालं तरी चालतं. कंपनी अर्थातच दुसऱ्या तटाकडे झुकते, कारण पोरं रोबोला ओळखतात. स्टारस्क्रीमला १/६० किंवा १/७२ लावून भांडणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की शेजारी कोण उभं करणार आहात. त्या उत्तरानंतर स्केलचा प्रश्न आपोआप सुटतो. मॅक्रॉसमध्ये ही पंचाईत नाही, कारण तिथे रूप बदलणारी बहुतेक यंत्रं विमानंच आहेत आणि रोबो विमानाच्याच मालातून निघतो. त्यामुळे दोन्ही रूपांना एकच स्केल चालतं. कावामोरींनी यंत्राचा विचार करून आराखडा काढला होता, त्याचा हा फायदा. गंमत म्हणजे २००६ च्या टकारा टोमीच्या 'मास्टरपीस' स्टारस्क्रीमच्या आराखड्यातही त्यांचाच हात होता. विमान खऱ्या एफ-१५ सारखं दिसावं याचा आग्रह त्यात लगेच जाणवतो.

कपाट आणि कस्टम

आता जमिनीवर येऊ. आपल्याकडे काचेचं शोकेस सुतार बांधतो आणि ते बहुधा बारा इंच खोल असतं, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर. व्हीएफ-१ चे पंख पूर्ण पसरलेले असतील तर रुंदी १४.७८ मीटर, मागे ओढलेले असतील तर ८.२५. १/४८ मध्ये पसरलेले पंख ३०.८ सेंटिमीटर होतात. तीन मिलिमीटरने काच लागत नाही. पंख मिटून ठेवा म्हणाल, तर मग पंख हलतात या कौतुकाला एवढे पैसे का दिले? १/६० मध्ये तेच २४.६ होतात आणि मागे हात घालून धूळ पुसायलाही जागा राहते. साताऱ्यात वर्षातले चार महिने धुळीऐवजी ओल पुसावी लागते, पण जागा तेवढीच लागते.

ओलीचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरे अशुद्धी राहून गेली असेल तर दमट हवेत तो आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. महायुद्धाआधीच्या खेळण्यांत हा रोग फार होता, हल्लीचा माल शुद्ध असल्यामुळे क्वचित. पण रंगाचे फोड आणि उघड्या धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड मी इथल्या कपाटांत बघितली आहे. सिलिका जेलच्या पुड्या पावसाआधी तव्यावर मंद गरम करून परत ठेवा. जास्त धातूचं, जास्त मोठं खेळणं म्हणजे ही काळजीही जास्त.

पैशाचं सांगायचं तर, खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. देशातले कारखाने वाचावेत हा हेतू, आणि तो वावगा नाही. पण असं विमान देशात कुणी बनवत नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांची कोंडी होते. त्यात कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही मोजतात. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं, आलेला किलोचा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे. सव्वाचा घन पुन्हा आडवा येतो. १/४८ चा खोका १/६० च्या जवळपास दुप्पट. डॉक्टरांनी एकदा हा सगळा हिशेब करून कागद खिशात घातला आणि महिन्याभराने १/४८ च मागवलं. त्यांना त्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

आणखी एक गोष्ट, जी नवी खरेदी करताना हमखास विसरली जाते. व्हीएफ-१ हे मॅक्रॉसच्या विमानांमधलं लहानखुरं विमान. २००८ च्या मालिकेतलं व्हीएफ-२५ आहे १८.७२ मीटरचं. १/६० मध्ये ते ३१.२ सेंटिमीटर होतं, म्हणजे १/४८ च्या व्हीएफ-१ पेक्षाही लांब. ते १/४८ मध्ये केलं तर ३९. एकाच मापात सगळी पिढी शेजारीशेजारी उभी करायची हौस असेल तर १/४८ चा रस्ता कपाटाच्या बाहेर जातो. सर १/१०० वर ठाम आहेत ते याच कारणाने. त्यांच्या एका फळीवर आख्खी तुकडी उभी राहते. त्यांना एकेक विमान हातात घेऊन दुमडायचं नसतं, लांबून रांग बघायची असते. मला दुमडायचं असतं. म्हणून मी नवीन घडीच्या १/६० वर थांबलोय, आणि १/४८ डॉक्टरांच्या घरी जाऊन बघतो.

तुम्ही जुनं खेळणं विकत घेणार असाल, कुठल्याही मापाचं, तर विकणाऱ्याकडून विमानाचा आणि रोबोचा फोटो मागू नका. ते दोन्ही फोटो सगळ्यांचे चांगलेच येतात. मधल्या रूपाचा व्हिडिओ मागा, ज्याला गेरवॉक म्हणतात. अंग विमानाचं, पण पाय खाली उतरलेले आणि गुडघे पक्ष्यासारखे मागे वाकलेले. त्या रूपात सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यांवर आणि घोट्यांवर येतं, नाक पुढे ओढत असतं आणि सांध्यात काही खोट असेल तर ती लपत नाही. टेबलावर तसं उभं करायचं आणि दहा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवायचा. दहा मिनिटं म्हटल्यावर बरेच विकणारे गप्प होतात.